अर्ध्या गोलाची किंमत

३१ मे २०२५. म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल होती, पॅरिस सेंट-जर्मेन विरुद्ध इंटर मिलान. आपल्याकडे सामना रात्री साडेबाराला सुरू होणार होता. न्यू जर्सीचा भाचा सुट्टीला कोल्हापुरात आमच्याकडे आलेला. म्हणाला, "मामा, कोण जिंकणार ते राहू दे. किती गोलांनी जिंकणार, यावर बाजार मांडू." पैसे लावायचे नाहीत, ही आबांची अट. मग आईने डब्यातले चिंचोके काढून दिले.

भाच्याने पावत्या केल्या. पहिलीवर लिहिलं, 'पॅरिस दीडपेक्षा जास्त गोलांनी जिंकेल.'

"अर्धा गोल कोण मारतं रे?" आबा.

"कुणीच नाही, म्हणूनच तो घ्यायचा, आजोबा." दोन किंवा जास्त गोलांनी जिंकलं तर 'होय'. एकाने जिंकलं, बरोबरी झाली किंवा हरलं तर 'नाही'. अधांतरी काही उरत नाही. अडीच आणि साडेतीनच्या पावत्याही तशाच.

खऱ्या ठरलेल्या बाजूला शेवटी दहा चिंचोके, दुसरीला काही नाही. मी दीडची 'होय' दोनला घेतली, आबांनी तिचीच 'नाही' आठला. दोघांचे मिळून दहा. दोन हा भाव म्हणजे असं दहात दोनदा घडेल, हा घेणाऱ्या-देणाऱ्यांचा अंदाज. बुकीकडे भाव बुकी सांगतो. अशा बाजारात आपल्यासमोर आपल्यासारखाच दुसरा प्रेक्षक असतो आणि बाजार चालवणारा आपली फी घेतो.

एक नियम भाच्याने बजावला. हिशोब नव्वद मिनिटं आणि त्यावरच्या भरपाईच्या वेळेचा. सेमीफायनलच्या दुसऱ्या सामन्यात इंटरने बार्सिलोनाला एक्स्ट्रा टाइममध्ये ४-३ हरवलं होतं. नव्वद मिनिटांच्या पावतीवर तो सामना ३-३ बरोबरीतच राहतो.

१२व्या मिनिटाला पॅरिसच्या हकिमीने गोल केला. पूर्वी इंटरकडून खेळलेला हा गडी. जल्लोष न करता त्याने हात वर करून जणू माफी मागितली. दीडची पावती चारवर गेली. २०व्या मिनिटाला दुएचा फटका बचावपटूला लागून जाळ्यात गेला आणि ती सहावर पोचली. मी विकायला निघालो.

"विकू नको," आबा म्हणाले. त्यांची 'नाही' बुडत होती, तरी म्हणाले. तरुणपणी ते पेठेच्या संघातून खेळलेले. "पुढं असलेला संघ मागं बसला की फरक तिथंच थांबतो. पण हरणाऱ्यानं सगळे गडी पुढं काढले, की मागं मैदान मोकळं पडतं. आणि पॅरिस काय मागं बसणारं दिसत नाही."

दोन गोल झाले की सामना संपला, असं मी आजवर धरून चालायचो. फरक ठरतो तो त्यानंतर, हे त्या रात्री कळलं. ६३व्या मिनिटाला पुन्हा दुए. ७३व्या मिनिटाला तशाच मोकळ्या जागेतून क्वारात्सखेलिया एकटा धावत गेला. ४-० झालं आणि तिन्ही पावत्या दहाला टेकल्या.

तरीही पूर्वार्धातली ती पंचवीसेक मिनिटं मला टोचतात. दुसऱ्या गोलानंतर माझी नजर चेंडूवर कमी आणि पावतीवर जास्त होती, तीही चिंचोक्यांसाठी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तेव्हा मला ती मिनिटंच आठवली. बाजाराने मला फरक वाचायला शिकवलं, हे खरं. पण तिथे पगार असता, तर आबांचं बोलणं माझ्या कानांत शिरलंच नसतं.

८६व्या मिनिटाला मायुलूने पाचवा गोल केला. पॅरिसच्याच अकादमीत घडलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, नुकताच मैदानात उतरलेला. त्या गोलाने एकाही पावतीचा भाव हलला नाही. आबा मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले. "पोरानं काय मारला!" म्हणाले, आणि पहाटे अडीचला आईकडे पुन्हा चहा मागितला.