हळदीचा डाग

गेल्या शनिवारी खामगावला आजीकडे जेवताना वरणाचा थेंब शर्टावर सांडला. सुती कापड, हळदीनं लगेच रंग धरला. अग्निशामकांच्या नोमेक्सचं उलटं. रेणू इतके दाटीनं बसलेले की रंग आत शिरता शिरत नाही! तो शिरवायच्या युक्त्यांवर पेटंटं आहेत. अमेरिकेत मार्च २०१३ पर्यंत अशा भांडणात आधी कोणाला सुचलं ते बघत. साक्षीदाराच्या सहीची वही कामी येई. आता आधी अर्ज भरेल त्याचं. (माझी एक आयडिया मी ऑफिसात चहावर बोलून बसलो. अर्ज दुसऱ्याच्या नावानं गेला. असो.)

हळदीनं जखम भरण्याचं पेटंट अमेरिकेनं १९९५ मध्ये देऊन टाकलं होतं. माशेलकरांच्या सीएसआयआरनं १९९७ मध्ये ते रद्द करवलं, पण छापील पुरावे देऊन. त्यात १९५३ चा एक शोधनिबंध. आजीला सांगितलं, तर म्हणते, "आमच्या मायनं कुठी लिहून ठेवलं होतं बाप्पा!"