साडेसातची पंगत
फ्रान्सची दैनंदिनी : भाग तिसरा

शुक्रवार, सेम्यूरजवळचं खेडं

पॅरिसहून मोंबारपर्यंत टीजीव्ही, पुढे टॅक्सी. दुपारी चारला आई आणि मी पोहोचलो. हॉटेल नवरा-बायको मिळून चालवतात. मालक स्वयंपाकघरात, मालकीणबाई जेवणघरात आणि वर थोड्याशाच खोल्या. दारावर 'लोजी'ची पाटी आहे. 1949 साली गावोगावच्या अशा घरगुती हॉटेलांनी एकत्र येऊन ही संघटना उभी केली. पाटीच्या खाली छपराचं झाकण असलेल्या पातेल्याचं छोटं चित्र आहे. पदार्थ इथेच, कच्च्या मालापासून केलेला आहे, असा त्याचा अर्थ. तयार पाकिटं गरम करून वाढणारी उपाहारगृहं वाढली, म्हणून 2014 मध्ये फ्रान्स सरकारने हे चिन्ह आणलं. खेड्यात हॉटेल शोधताना मी आधी हे पातेलं पाहते, तारे नंतर.

खोली, न्याहारी आणि रात्रीचं जेवण अशी एकत्र बोली आम्ही केली आहे. जेवण साडेसातला. मालकीणबाईंनी वेळ दोनदा सांगितली.

आई अंडं खाते, मांस-मासे नाही. खोली घेतानाच मी हे लिहून कळवलं होतं, आणि बर्गंडीत येणाऱ्या प्रत्येक शाकाहारी माणसाने ते करावंच. इथली प्रसिद्ध 'अफ आँ म्यरेत' ऐकायला अंड्यांची साधी डिश वाटते, पण अंडी शिजवून ज्या रेड वाइनच्या रश्शात सोडतात त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. माझ्यासाठी तीच आली. रस्सा काळसर जांभळा, दाट, कांद्याने गोडसर झालेला. अंडं फोडल्यावर पिवळा बलक त्यात पसरतो. तो ब्रेडने पुसून घ्यायचा. ब्रेड थेट टेबलावरच ठेवतात, वेगळी ताटली देत नाहीत. ब्रेडचे आणि साध्या पाण्याच्या जगचे पैसे लागत नाहीत.

आईसाठी मालकांनी जिरोल अळंबीचं ऑम्लेट केलं. सप्टेंबर आहे, जंगलात अळंबी निघाली आहेत. बाहेरून सोनेरी, आतून ओलसर. "अगं, नुसतं लोणी आणि मीठ आहे यात," आई म्हणाली आणि सावकाश सगळं संपवलं.

शनिवार

सकाळी फोंतनेचा मठ. 1118 मध्ये सेंट बर्नार्डने स्थापलेला, 1981 पासून जागतिक वारशाच्या यादीत. उघड्या दगडाचं देऊळ, रंग नाही, नक्षी नाही. सिस्टर्शियन साधूंच्या नियमात मांस वर्ज्य होतं, आजाऱ्याला तेवढी सूट. हे ऐकल्यावर आई मठात जास्तच रमली. पालेभाजी, डाळी, ब्रेड खाऊन या माणसांनी एवढे खांब उभे केले, हे तिने मला दोनदा ऐकवलं.

याच साधूंच्या परंपरेतलं म्हणून सांगितलं जाणारं चीज रात्री पुढे आलं. एप्वास. ते गाव इथून जेमतेम बारा किलोमीटर. गाईच्या दुधाचं मऊ चीज. ते मुरत असताना त्याची साल द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेल्या मद्याने पुन्हापुन्हा धुतात. त्यातूनच नारिंगी रंग आणि उग्र वास येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हे चीज जवळजवळ संपलंच होतं. 1956 मध्ये बेर्तो दांपत्याने जुन्या बायकांकडून कृती मिळवून ते पुन्हा सुरू केलं. आज त्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. एका घराने मनावर घेतलं म्हणून एका गावाची चव वाचली. या प्रवासात ऐकलेली मला सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

अशा पारंपरिक चीजसाठी बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, हे मी आईला आधीच सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि चीज खायचं ठरवलं. वास तिला सोसला नाही. चव मात्र आवडली.

रविवार

दुपारचं जेवण बाराला सुरू झालं आणि साडेतीनला टेबलं रिकामी व्हायला लागली. आज पाहुणे कमी, गावातली माणसं जास्त. आजी-आजोबा, मुलगे, सुना, नातवंडं. आधी किर, म्हणजे काळ्या करवंदासारख्या कासिस फळाचं मद्य आणि आलिगोते वाइन. दिजाँचे महापौर फेलिक्स किर हे पाद्री. 1945 पासून मरेपर्यंत, 1968 पर्यंत, ते पदावर होते आणि आलेल्या प्रत्येकाला हेच पेय देत. त्यांचंच नाव त्याला पडलं. मग पहिला पदार्थ, मग शारोले गाईचं मांस, मग चीज, मग गोड, आणि ते संपल्यावरच कॉफी. 2010 मध्ये युनेस्कोने फ्रेंच जेवणाची ही रीत अमूर्त वारशात घेतली. रीत म्हणजे नुसते पदार्थ नव्हेत. त्यांचा क्रम, टेबलाची मांडणी, एकत्र बसणं, सगळंच त्यात येतं. शेजारच्या टेबलावरची सात-आठ वर्षांची मुलगी तीन तास खुर्चीत होती. हातात फोन नव्हता. आजोबा तिला चीज कसं कापायचं ते दाखवत होते: टोक एकट्याने घ्यायचं नाही, मधला मऊ भाग सगळ्यांना मिळाला पाहिजे.

आम्ही मिराबेल प्लमचा टार्ट घेतला.

सोमवार, सोल्यो

स्वयंपाकघर रविवारी रात्री आणि सोमवारी बंद. बर्गंडीत बऱ्याच ठिकाणी असंच असतं, बेत आखताना लक्षात ठेवावं. मालकांनाही झोप हवी.

सोल्योला जाऊन आलो. पॅरिस-ल्योंच्या जुन्या रस्त्यावर हे जेवणाच्या मुक्कामाचं गाव. शेफ अलेक्सांद्र द्युमेन यांच्या 'कोत दोर' हॉटेलात मोटारीने येणारे थांबत. 1970 मध्ये महामार्ग पुरा झाला आणि गाड्या दुसरीकडून जाऊ लागल्या. तरी त्याच हॉटेलातले पुढचे शेफ बर्नार्ड ल्वाझो यांनी इथेच राहून 1991 मध्ये मिशलॅंचा तिसरा तारा मिळवला. 2003 मध्ये ते गेले. हॉटेल आजही चालू आहे. आम्ही ते बाहेरूनच पाहिलं, शिल्पकार पोंपों यांच्या कांस्याच्या बैलापाशी बसून ब्रेड, टोमॅटो आणि फळं खाल्ली. मोठ्या नावाच्या स्वयंपाकघरांबद्दल मला आदर आहे. पण महामार्गाने ओस पाडलेल्या रस्त्यांवर दहा टेबलांसाठी रोज रस्सा आटवणारी जी माणसं टिकून आहेत, त्यांच्याकडे आपल्या प्रवाशांनी निदान दोन रात्री द्याव्यात असं मला मनापासून वाटतं.

उद्या बोन. तिथल्या मालकीणबाईंना आईच्या जेवणाचं आत्ताच फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, मसूर चालतील का? आई म्हणाली, "विचारायचं काय त्यात, पळतील!"