भुसभुशीत माती

वाघ झाडावर आपली खूण फवारतो तिला बासमतीचा वास येतो. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी त्या वासामागचं रसायन ओळखलं: २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन. सुवासिक तांदळाचा दरवळ त्याचाच. हे वाचल्यापासून कुकरमधून आंबेमोहोराचा वास सुटला की मला भोपाळजवळच्या केरव्याचं रान आठवतं.

घरच्या मांजराच्या वाट्याला हे काही आलं नाही. बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते सावकाश विघटित होतं, म्हणून सकाळी सोसवणारा वास दुपारी उग्र होतो. ज्याने अंगणात मेथी पेरली आहे त्याला हे सांगायला नको.

भोपाळची माती काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती चपलेला धरून घरात येते. तिच्यात काही उगवायचं तर नर्मदेची वाळू आणायची, शेणखत कालवायचं, ढेकळं फोडायची, खुरप्याने हलकी करायची. आणि एवढं करून जी भुसभुशीत, कोरडी, मऊ माती तयार होते, नेमकी तीच मांजराला हवी असते. त्याचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. पाणी कमी, म्हणून मूत्र दाट. जमीन सैल, म्हणून उकरून झाकायची सवय. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. इतका जुना शेजार आहे हा. माझा वाफा पाहून त्याला आपलं गाव आठवत असावं. मांजर घाण करतं असं आपण म्हणतो, पण उकरून, हुंगून, परत माती ओढून घेणाऱ्या त्या पंजाइतकी नीटस हालचाल मी फार थोड्या प्राण्यांत पाहिली आहे.

आमच्या कुंपणापलीकडे आपा राहतात. मांजर माझ्या वाफ्यातून निघतं आणि त्यांच्या ओसरीवर जाऊन पहुडतं. त्या त्याला कधी हाकलत नाहीत. मांजर घरात ये-जा करणारं आहे, त्याने तोंड लावलेल्या पाण्याने नमाजाआधीचं वजू चालतं, असं त्यांच्या हदीसमध्ये सांगितलं आहे. आमच्याकडे आजी सांगायची, मांजर मेलं हातून तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. एका कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी त्या प्राण्याला असं अभय मिळालेलं आहे. ‘बेटा, उसको भी तो कहीं जाना है,’ आपा म्हणतात, आणि मला त्याला उत्तर सापडत नाही.

भोपाळकरांना मांजराच्या कुळातले थोरले भाऊबंद शहराच्या वेशीवरच भेटतात. २०२२ च्या ऑक्टोबरात एक वाघ मॅनिटच्या आवारात शिरला. इंजिनिअरिंग शिकणारी हजारो मुलं जिथे राहतात तिथे त्याने गुरांवर हल्ले केले. शेवटी तो पिंजऱ्यात सापडला आणि त्याला सातपुड्यात सोडलं. केरवा, कलियासोत या धरणांच्या भोवतालच्या टेकड्यांत वाघ वावरतात आणि पलीकडे रातापानीचं जंगल सुरू होतं. वाघही आपल्या मांजरासारखाच जमिनीवर लिहितो: बुंध्यावर मागे फवारा, मागच्या पायांनी ओरखडलेली माती, वाटेच्या मधोमध टाकलेली विष्ठा. मांजर बहुधा झाकतं, वाघ उघड्यावर ठेवतो, कारण त्याला ती वाचली जायला हवी असते. वनरक्षक वाचतातही. विष्ठेतल्या केसांवरून त्याने काय खाल्लं ते कळतं आणि तिच्यातल्या डीएनएवरून तो वाघ कोणता, तेही.

डिसेंबर २०२४ मध्ये रातापानी व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याला विष्णू श्रीधर वाकणकरांचं नाव मिळालं. हे मला फार योग्य वाटलं. नीमचमध्ये जन्मलेले, उज्जैनचे हे मराठी गृहस्थ, सगळ्यांचे हरिभाऊ. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना त्यांना लांबवर चमत्कारिक खडक दिसले आणि ते तिकडे चालत गेले. डब्यात आणखी कितीतरी माणसं असतील, खिडक्याही पुष्कळ असतील. हरिभाऊंनी पाहिलं आणि ते उतरले, याचं मला अपार कौतुक आहे. तिथे, या रातापानीच्याच रानात, भीमबेटका सापडलं. गेरूने आणि पांढऱ्या रंगाने काढलेले गवे, हत्ती, रानडुकरं, हरणं, वाघ, आणि त्यांच्यामागे धावणारी काडीसारखी माणसं. सातशेहून अधिक शैलाश्रय. २००३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. त्या गुहांसमोर उभं राहिलं की वाटतं, माणसानेही खडकावर तेच लिहून ठेवलं: मी इथे होतो. आज त्याच खडकांच्या आसपास वाघ आपली खूण ठेवून जातात. त्यांची खूण पावसात धुऊन जाते, म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा फेरी मारावी लागते.

इंग्लंडात मांजरं पळवायला सिंहाच्या विष्ठेच्या गोळ्या विकल्या जात. मला या उपायावर भरवसा नाही. ज्या खुणेमागे फेरी मारणारा धनी नाही, ती मांजर किती दिवस मानील?

मांजर अडवायचं तर मातीचाच विचार करावा. बी पेरलं की वाफ्यावर बोरीच्या काट्या आडव्यातिडव्या टाकाव्यात, किंवा कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मातीच्या पातळ थराखाली पसरावी. पंजा अडला की मांजर दुसरी जागा शोधतं. माती ओलसर ठेवावी. आणि ती दुसरी जागा आपणच द्यावी. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९४७ साली एड लो यांनी शेजारणीला मांजरासाठी राखेऐवजी शोषून घेणारी माती दिली आणि त्यातून मोठा धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीचीच बहीण. आपल्याला तेवढाही खर्च नको, कोपऱ्यात कोरड्या वाळूचं घमेलं पुरे. ते रोज साफ करावं, कारण विष्ठेत टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी असली तर ती रोगकारक व्हायला निदान एक दिवस लागतो. गरोदर बाईने ते काम दुसऱ्यावर सोपवावं आणि वाफ्यात हात घालताना हातमोजे घालावेत. बोक्याची नसबंदी करून घेतली की बहुतेकांचं फवारणं थांबतं.

एक मात्र कृपा करून करू नका. अंगणात फिनाइल ओतू नका आणि डांबरगोळ्या टाकू नका. फिनॉलसारखी द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. पंजाला लागलेलं ते चाटून साफ करतं आणि त्यातच मरू शकतं.