आमची टपालपेटी

आम्हांस स्वतःचा ई-मेलचा पत्ता आहे, हें सांगतांना पूर्वीं थोडा अभिमान वाटत असे. निवृत्तीनंतर धुळ्यांतील एका सार्वजनिक वाचनालयाचें चिटणिसाचें काम आमच्या गळ्यांत पडलें, आणि सारा पत्रव्यवहार त्या पत्त्यावर येऊं लागला. गेल्या वर्षीं आषाढांत मात्र तो अभिमान पार उतरला. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीसाठीं आमचें शिफारसपत्र हवें होतें. मुदतीस नऊ दिवस असतांना त्यानें तसें लिहिलें. तें पत्र आमच्या दृष्टीस पडलें अकराव्या दिवशीं! क्षमा मागण्यास फोन केला, तर तो म्हणाला, "हरकत नाहीं, सर." त्यानें चार शब्द सुनावले असते तर आम्हांस बरें वाटलें असतें.

याला आळस म्हणावा, तर आम्ही दिवसांतून वीस वेळां पेटी उघडीत असूं. एकच पत्र तीनदां वाचावें, 'सवडीनें उत्तर देऊं' म्हणून मिटावें, आणि तें नव्या पत्रांखालीं गाडलें जावें, असा क्रम. न उघडलेलीं पत्रें एकोणीसशेंवर गेलीं होतीं. राजवाड्यांनीं जुन्या कागदांच्या शोधांत गांवोगांव पायपीट केली. त्यांच्या हातीं आमची पेटी लागती, तर त्यांनींही ती तशीच मिटून ठेविली असती!

धाकटे चिरंजीव जळगांवीं असतात, व सूनबाई तेथील एका कारखान्यांत कामाचें नियोजन पाहते. रविवारीं मंडळी धुळ्यास आली, तेव्हां झाला प्रकार ऐकून ती म्हणाली, "मामंजी, यावर आमच्याकडे उपाय आहे. त्याला लीन म्हणतात." संस्कृतांत लीन म्हणजे चिकटलेला, विरून गेलेला, त्या अर्थानें आम्ही पेटींत लीन होतोंच. तिचा शब्द इंग्रजी निघाला. अर्थ, अंगावर फाजील मेद नसलेला.

ही पद्धति मूळ जपानांतील टोयोटा कारखान्याची. तिचें बीज एका मागांत आहे, हें ऐकून कापसाच्या खानदेशांतले आम्ही सावरून बसलों. साकिची टोयोडा यांनीं असा माग केला कीं, धागा तुटतांच तो आपोआप थांबे. दोष घेऊन कापड पुढें जात नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर ताइची ओनो यांनीं मोटारींच्या कारखान्यांत नियम घातला कीं, पुढच्यानें मागितल्यावांचून मागच्यानें माल करूं नये. रावेर-सावद्याकडील केळीवाल्यास हें शिकवावें लागत नाहीं. गाडी ठरल्याशिवाय तो घड कापीत नाहीं; कापून ठेवलेला घड पिकतो, मग सडतो.

"मोटारींचें ठीक, पण पत्रांचें काय?" आम्हीं विचारलें. तेव्हां तिनें आमच्या शेजारच्या अमळनेरचें उदाहरण दिलें. १९४५ सालीं तेथें वनस्पति तेलाचा उद्योग म्हणून सुरू झालेली कंपनी म्हणजेच आजची विप्रो. पुढें संगणकाच्या धंद्यांत शिरलेल्या या कंपनीनें २००४ पासून टोयोटाची रीत बैठ्या, डोक्याच्या कामास लावून पाहिली. तिचा अभ्यास करून ब्रॅडली स्टाट्स व डेव्हिड अप्टन यांनीं २०११ सालीं 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्यें लेख लिहिला. बुद्धीच्या कामांतला अपव्यय डोळ्यांस दिसत नाहीं, तो मुद्दाम हुडकावा लागतो. आणि कोणी, कोणास, काय कळवावें हेंही आधीं ठरवावें लागतें, असें त्यांचें म्हणणें.

ओनो दोष सांपडला कीं पांच वेळां 'कां?' विचारावयास सांगत. सूनबाईनें वही घेतली व आमची उलटतपासणी सुरू केली. पत्र कां राहिलें? खालीं गेलें म्हणून. खालीं कां गेलें? त्या दिवशीं त्यावर एकतीस पत्रें येऊन पडलीं म्हणून. एकतीस कां? आमच्या मंडळाचे अकराही सभासद प्रत्येक गोष्ट प्रत्येकास कळवितात म्हणून. (वाचनालयाचा नळ गळतो, या पत्रास 'पाहिलें', 'ठीक', 'चिटणिसांनीं लक्ष घालावें' अशीं नऊ उत्तरें आलीं होतीं, नळ गळतच होता.) सर्वांस कां कळवितात? कोणतें काम कोणाचें, हें कोणासच ठाऊक नाहीं म्हणून. ठाऊक कां नाहीं? येथें आम्ही घुटमळलों. कामें वांटून देणें चिटणिसाकडे. तें आम्हीं सात वर्षांत केलें नव्हतें.

दुसऱ्याच बैठकींत कामें वांटलीं. पत्राच्या मथळ्यांत ज्यानें काम करावयाचें त्याचें नांव असावें, इतरांस शनिवारीं एकच पत्र जावें, पोंच म्हणून उत्तर धाडूं नये, असें ठरलें. आम्ही पेटी दोनदांच उघडतों, सकाळीं पूजा आटोपल्यावर आणि चार वाजतां. उघडलेल्या पत्राचा निकाल तेव्हांच. कांहीं शोधावें लागणार असेल तर वहींत टिपतों, पण वहींत पांचांहून अधिक कामें एका वेळीं ठेवीत नाहीं. ही पांचांची अट फार जड गेली. सहावें घेण्यासाठीं पहिल्यांतलें एक संपवावेंच लागतें, आणि संपविण्याचीच आम्हांस संवय नव्हती. एका वयोवृद्ध वकीलसाहेबांना प्रती येत नाहींत हा अपमान वाटला. ते अजून रागानें फोन करतात, व त्यांची समजूत घालण्यांत वांचलेला वेळ खर्च होतो.

एका ठिकाणीं आम्हीं सूनबाईचें ऐकलें नाहीं. सुरतेहून एक जुना विद्यार्थी लांबलचक लिहितो. त्यांत पाऊस, मुलाचा ताप, शाळेंतल्या आठवणी, काम कांहींच नाहीं. तिनें तीं पत्रें वायां गेलेल्या मालांत धरलीं. "माल घेणाऱ्यास ज्याची किंमत, तें वायां नव्हे, असें तूंच म्हणालीस ना? येथें घेणारे आम्ही आहों," असें म्हणून आम्हीं तीं परत घेतलीं. ती हंसली आणि म्हणाली, "मान्य, मामंजी."

यंदा ज्येष्ठांत त्या शिष्यवृत्तीवाल्या विद्यार्थ्याचें पत्र पुन्हां आलें. तो पुन्हां अर्ज करीत होता. सकाळीं पत्र वाचलें, आणि चारच्या आंत शिफारस गेली. पांच मिनिटांत त्याचें उत्तर आलें, "मिळालें, सर." मंडळाच्या ठरावाप्रमाणें असलें उत्तर धाडूं नये. आम्हीं तें अद्याप पुसलेलें नाहीं.