यात दाण्याचं कूट आहे का?

दाण्याच्या कुटाचा डबा नाही असं मराठी घर मी पाहिलेलं नाही. खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, वडापावची सुकी चटणी, सगळ्यांत दाणे. आमच्या लेकीला नेमकी त्याचीच ॲलर्जी निघाली. दीड वर्षाची असताना चिक्कीचा कण तोंडात गेला आणि काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, छातीतून घरघर ऐकू येऊ लागली. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनलिन दिलं, तेव्हा श्वास मोकळा झाला.

खाज थांबवणाऱ्या गोळीनं अशी रिॲक्शन थांबत नाही, हे तेव्हा समजलं. सूज उतरवून श्वासनलिका उघडणारं, रक्तदाब सावरणारं औषध ॲड्रेनलिनच. दाबलं की टोचणारं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून आम्ही ॲम्प्युल आणि सिरिंज जवळ ठेवतो. वजनानुसार किती भरायचं हे डॉक्टरांनी लिहून दिलंय, करवूनही घेतलंय. टोचल्यावरही रुग्णालय गाठायचंच, कारण त्रास काही तासांनी उलटू शकतो.

सासूबाईंनी स्वयंपाकच बदलला. खिचडीत ओलं खोबरं आलं, वांग्यांत सुकं खोबरं आणि तीळ. तीळ तिला चालतात, याची आधी खात्री करून घेतली. घाण्याच्या शेंगतेलात दाण्यातली प्रथिनं उतरतात, म्हणून तेही बंद झालं. पाकिटावरची ॲलर्जनची ओळ त्या आता भिंग लावून वाचतात.

“गरोदरपणात तू दाणे खाल्लेस म्हणून झालं,” असं मला पुष्कळ ऐकवलं गेलं. तो दोष कुठल्याही आईनं माथी घेऊ नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘लीप’ अभ्यासात तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं होती. ज्यांना लवकर आणि नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यात ही ॲलर्जी खूपच कमी आढळली. धाकट्याला आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानं दाण्याची पातळ पेस्ट सुरू केली. ती तो माझ्या आईकडे खातो आणि हात-तोंड धुऊनच घरी येतो.

लेक आता शाळेत जाते. संक्रांतीला कुणी लाडू पुढे केला, की हात मागे घेऊन आधी विचारते, “काकू, यात दाण्याचं कूट आहे का?” काहींना तो आगाऊपणा वाटतो. मला तिचा अभिमान वाटतो. “नाही गं” म्हणणाऱ्या काकूंनी कूट घातलेलं नसतंही, पण मिक्सरचं भांडं तेच असतं. म्हणून ती पुढे भांड्याचंही विचारते.

“एवढ्याशानं काय होतंय” म्हणून तिला कृपा करून आग्रह करू नका. तिच्यासाठी वेगळं रांधायचीही गरज नाही. काय घातलंय, कशात वाटलंय, तेवढं खरं सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ती घरून आणलेला डबा उघडेल आणि तुमच्या पंगतीत आनंदानं जेवेल.