सी ड्राइव्ह लाल झाला

१.
सी ड्राइव्हवर दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की पट्टी निळ्याची लाल होते. तोवर घरात कोणालाच काही वाटत नाही. लाल झाल्यावर सगळे आधी रिसायकल बिन रिकामी करतात. तिथे चाळीस एमबी असतात.

२.
डेस्कटॉपवर राइट क्लिक, रिफ्रेश. पुन्हा राइट क्लिक, रिफ्रेश. बँकेत, झेरॉक्सच्या दुकानात, सेतू केंद्रात, कम्प्युटर अडला की माणूस हेच करतो. रिफ्रेशने आयकॉन पुन्हा काढले जातात, बाकी काही होत नाही. वेग तसूभर वाढत नाही. पण हाताला काम मिळतं.

३.
कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर सात-आठ टक्के, मेमरी साठच्या आसपास, डिस्क १०० टक्के. दुकानात जायच्या आधी एवढं पाहावं. कोणी पाहत नाही. दुकानदारही पाहत नाही. तो म्हणतो, ‘फॉरमॅट मारून देतो.’

४.
हार्ड डिस्कचं गणित. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त. ते डोकं योग्य वर्तुळावर न्यायला आणखी आठ-नऊ. दोन्ही मिळून, विखुरलेल्या ठिकाणांहून वाचायचं असेल तर सेकंदाला पाऊणशेच्या आसपास वाचनं. आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फायली मागतं.
एसएसडीत फिरणारं काही नाही. स्वस्तातली साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारोंनी वाचनं करते. जुन्या घरगुती कम्प्युटरच्या बाबतीत बाकीचे सगळे उपाय याच्यापुढे किरकोळ आहेत. अँटिव्हायरस बदलणं, वॉलपेपर काढणं आणि रजिस्ट्री क्लीनर तर किरकोळही नाहीत.

५.
रॅम कमी असली तर? चार जीबी असेल तर वाढवावीच. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं. म्हणजे रॅमचं दुखणंही डिस्कच्याच माथी.
डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या पट्ट्यांवरची खाच वेगवेगळ्या जागी असते. चुकीची पट्टी बसतच नाही. तरीही ती दाबून बसवणारे आहेत.

६.
दुरुस्तीवाला मुलगा घरी आला. डब्याचे मागचे दोन स्क्रू काढले, बाजूचा पत्रा ओढला. आत राखाडी लोकर. पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या फटीत, सगळीकडे. गॅलरीत नेऊन ब्लोअर मारला. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.
प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. पुसली, नवीन लावली. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग उतरवतो, त्यामुळे ही साफसफाई नुसती दिखाऊ नाही. मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या. पांढरा खोडरबर, शाळेतला. खिशातच होता.
एसएसडी बसवायला डब्यात अडीच इंची जागा नव्हती. त्याने ती डबल साइड टेपने पत्र्याला चिकटवली. मी बघत राहिलो. ‘काका, हिच्यात हलणारं काही नाही. चालते.’ खरं आहे. केबल जुन्याच लागल्या.

७.
५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, २४० ची एसएसडी २२३. कंपनी हजाराने गुणते, विंडोज १०२४ ने. चोरी कोणी केलेली नाही.

८.
‘क्लोन करू की फ्रेश टाकू?’
क्लोन म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीनवर, कचऱ्यासकट. फ्रेश म्हणजे कोरं विंडोज. सगळे जाणकार फ्रेश सांगतात. सगळ्या घरांत क्लोन होतं.

९.
डी ड्राइव्हवर सापडलेलं:
‘न्यू फोल्डर (४)’, आत ‘न्यू फोल्डर’.
सोसायटीची पाणीकपातीची नोटीस, सात आवृत्त्या. तारखा वेगळ्या, मजकूर तोच.
एमएस-सीआयटीच्या सरावाची एक्सेल शीट: काल्पनिक कर्मचारी, काल्पनिक महागाई भत्ता.
चुलतबहिणीचा लग्नाचा बायोडेटा. वर्ण: निमगोरा. तिची मुलगी आता पाचवीत आहे.
हे सगळं मिळून एखाद्या व्हॉट्सॲप व्हिडिओएवढं भरलं. जागा खाणारे वेगळेच निघाले: फोनमधून तीनदा उतरवलेलं एकच स्नेहसंमेलन, आणि खुद्द विंडोज.

१०.
डिस्क क्लीनअप विंडोज ९८ पासून आहे. एक्सपीत ते सुरुवातीला ‘किती जागा मिळेल’ याचा हिशेब करायला बसे. त्यात जेवण उरकायचं.
आता त्यात बघण्यासारखी ओळ एकच, ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’. मोठ्या अपग्रेडनंतर जुनं विंडोज एका फोल्डरात राहतं, कित्येक जीबी. दहा दिवसांनी ते आपोआप जातं. त्याआधी काढलं तर मागे फिरता येत नाही.
विंडोज १० मध्ये मध्यंतरी याच यादीत डाउनलोड्सचाही चौकोन आला होता. आपली आधारची पीडीएफ, पीएफचं पासबुक, मुलाचं हॉल तिकीट कुठे असतं? डाउनलोड्समध्येच.

११.
जुनी मराठी पत्रं. युनिकोडच्या आधीची, श्रीलिपी नाहीतर आकृतीत टाइप केलेली. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. फ्रेश विंडोज टाकलं की फॉन्ट गेला. फाइल शाबूत, पत्र गायब.
लोक डी ड्राइव्हचा बॅकअप घेतात, कारण ‘आपलं सगळं डी वर आहे’. फॉन्ट सी वर असतात. डेस्कटॉप सी वर असतो. माय डॉक्युमेंट्सही सी वरच.
क्लोन करणाऱ्यांना हसू नये.

१२.
रोज रात्री शटडाउन. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर ‘अप टाइम’ मात्र एकोणीस दिवस. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. खरं नवं सुरू होणं फक्त रीस्टार्टने.
‘अहो, बंद करून चालू करा ना एकदा.’ बायकोचा सल्ला विंडोज ७ पर्यंत अचूक होता.

१३.
वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा कम्प्युटर. बँकेची साइट उघडेना, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. त्यांनी व्हायरस समजून अँटिव्हायरस घेतला, वर्षभराचा. घड्याळात साल २००९. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपलेला, त्यामुळे वीज गेली की तारीख मागे. साइटच्या प्रमाणपत्राला त्या दिवशी अजून सुरुवातच झालेली नाही, म्हणून ब्राउझर नाकारतो.
सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला.

१४.
निकलाउस वीर्थ, पास्कल भाषेचा कर्ता. १९९५ मध्ये त्याने लिहिलं की यंत्रं ज्या गतीने वेगवान होतात, त्याहून जास्त गतीने सॉफ्टवेअर मंद होतं. श्रेय त्याने मार्टिन रायझरला दिलं. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ९५ ला ४ एमबी रॅम चालायची, ८ असेल तर उत्तम.
आत्ता ब्राउझरच्या एका टॅबमध्ये दाते पंचांग शोधतोय. टॅबने शंभर एमबी केव्हाच ओलांडले.

१५.
विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ नंतरचा. आमचा सहाव्या पिढीतला. एसएसडी लावल्यावर पळतो, पण पात्र नाही.
‘लिनक्स मिंट टाकून देऊ?’ दुरुस्तीवाला मुलगा म्हणाला. टाकलंही असतं. पण सोसायटीचा हिशेब ज्यात आहे ते सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही, आणि डोंगल विंडोजशिवाय काही ओळखत नाही. सेक्रेटरी मीच.

१६.
डिलीट केलेली फाइल हार्ड डिस्कवरून पुसली जात नाही, तिची जागा मोकळी आहे एवढी नोंद होते. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच. भंगारात डिस्क देणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. घेणाऱ्याच्या लक्षात असतं.

१७.
जुनी हार्ड डिस्क मुलाने काढून टेबलावर ठेवली. ‘ही देताय का? काहीतरी कमी करतो बिलात.’ नाही म्हटलं. यूएसबी केसिंग आणलं, त्यात घातली, बॅकअपला. दमलेली डिस्क बॅकअपला ठेवणं शहाणपणाचं नाही, आणि सगळे हेच करतात.
चिरंजीव लगेच हजर.
‘बाबा, हिच्यात किती जागा आहे?’