छोटा एम, मोठा एम

गणेशोत्सवातल्या भावगीतांच्या कार्यक्रमांत मी बरीच वर्षं गिटार वाजवली. वहीत गाण्याचे शब्द, त्यांच्या डोक्यावर कॉर्डची नावं: ए, एफ शार्प मायनर, डी, ई. गाणं काळी पाचमधलं, म्हणून कॅपो पहिल्या फ्रेटवर. एका संध्याकाळी पडदा उघडायच्या आधी गायक म्हणाले, "घसा बसलाय रे, पांढरी पाचमधून घेऊ." पेटीवाल्या काकांनी बोटं सरकवली, विषय संपला. पंचाईत माझी. कॅपोनं पट्टी चढते, उतरत नाही. विंगेत उभ्याउभ्या पेन्सिलीनं सगळी नावं बदलली: जी, ई मायनर, सी, डी.

तेव्हापासून आकडे लिहू लागलो. १, ६ मायनर, ४, ५. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत ही पद्धत रुजली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी ती सुरू केली. 'सा' कुठेही धरा, पाचवा तो पाचवाच. सरगम शिकलेल्या माणसाला हे इतकं उशिरा सुचावं, याची मला आजही लाज वाटते.

पण ४ लिहिलं तरी तो मानेवर कुठे धरायचा, ते कळत नाही. सी मेजरचंच बघा. जाड तारेपासून बारीक तारेकडे फुली-३-२-०-१-० लिहिलं, तर मोकळ्या तारा घुमतात. फुली-३-५-५-५-३ लिहिलं, तर तीच कॉर्ड मूठ आवळल्यासारखी वाजते. अंतऱ्यात मला पहिलीच हवी असायची. त्यातली तर्जनी उचलली की फुली-३-२-०-०-०, म्हणजे सी मेजर सेव्हन. गाण्यातली ती जागा मला फार आवडायची.

एका वर्षी माझ्या जागी एक तरुण मुलगा बसला. त्याच्यासाठी मी घाईनं पान लिहून दिलं. आकडे त्याला येत नव्हते, म्हणून पुन्हा नावं. त्या जागी सी, मोठा एम आणि ७. माझं अक्षर असं, की मोठा एम छोटाच दिसला. मी पहिल्या रांगेत. गायक शुद्ध गंधारावर स्थिरावलेले, आणि मुलानं तिसऱ्या फ्रेटवर बार धरून सी मायनर सेव्हन टाकली. पांढरी पाचमध्ये तो कोमल गंधार! काकांनी मान वर करून बघितलं. गायक मुरलेले, सूर धरून राहिले.

मध्यंतरात मुलगा पान घेऊन आला. "दादा, हा एम छोटा की मोठा?"

मला स्वतःलाच सांगता येईना.

आता पानाच्या डोक्यावर पट्टी आणि कॅपोचा फ्रेट लिहितो, शब्दांवर आकडे, आणि जिथे बोटांची ठेवण महत्त्वाची तिथेच सहा तारांची खूण. 'मेजर' आणि 'मायनर' मात्र देवनागरीत, पूर्ण.